बारावीनंतर बॅलेची पदवी: पुण्यातून अर्ज करताना कामांचा क्रम

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एखादी मुलगी आईला घेऊन माझ्या वर्गात येते. बारावीला आहे, परदेशी विद्यापीठात बॅले शिकायचं आहे, अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. दाखवायला काय आहे असं विचारलं, की मोबाइलवर गॅदरिंगचा व्हिडिओ निघतो. रंगीत दिवे, घेरदार झगा, पुढच्या रांगेतल्या पालकांची डोकी. मुलगी खरोखर छान नाचत असते. पण त्या व्हिडिओवर तिला प्रवेश मिळणं कठीण, आणि तीन आठवड्यांत दुसरा होणंही कठीण. विद्यापीठाला बघायचा असतो तिचा रोजचा वर्ग. तो घाईने उभा करता येत नाही.

यातली कामं अवघड नाहीत, पण ती उलट्या क्रमाने केली जातात. आधी विद्यापीठाचं नाव ठरतं, मग धावपळीत व्हिडिओ, मग दुखऱ्या घोट्याकडे लक्ष. शिकवण्याच्या पदवीचा विचार तर अगदी शेवटी, ‘परफॉर्मन्सला नाही मिळालं तर’ म्हणून. खाली दिलेला क्रम मोडू नका. अकरावीच्या जूनला सुरुवात केली तर बारावीच्या नोव्हेंबरपर्यंत सतरा-अठरा महिने हाताशी असतात आणि तेवढे लागतातच.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी मिळते, पण ती कथक आणि भरतनाट्यमची. बॅलेसाठी बाहेर जावं लागेल हे धरूनच पुढे वाचा.

टप्पा १: नाचण्याची पदवी की शिकवण्याची, हे आधी ठरवा

अमेरिकेत काही विद्यापीठं या दोन वाटा वेगळ्या ठेवतात. ओक्लाहोमा विद्यापीठात बॅले परफॉर्मन्स आणि बॅले पेडागॉजी, म्हणजे बॅले शिकवण्याचं शास्त्र, अशा दोन दिशा आहेत. इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात परफॉर्मन्सची पदवी वेगळी, डान्स पेडागॉजीची वेगळी. ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाचा बॅले विभाग संगीताच्या जेकब्स स्कूलमध्ये आहे. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स, जिला सगळे ‘आरएडी’ म्हणतात, तिचा भर शिक्षक घडवण्यावर आहे.

परफॉर्मन्सच्या वाटेवर रोजचा टेक्निक क्लास, पायाच्या बोटांच्या टोकावर नाचण्याचं पॉइंट, जोडीने नाचण्याचं पा द द, एकट्याने नाचायचं व्हेरिएशन आणि प्रयोगाच्या तालमी असतात. शिकवण्याच्या वाटेवरही टेक्निक क्लास असतोच. त्याशिवाय शरीररचना, मुलांची वाढ, वर्गाची आखणी, संगीत आणि प्रत्यक्ष मुलांना शिकवणं येतं.

इथे पालकांची सगळ्यात मोठी गल्लत होते. शिकवण्याची पदवी म्हणजे कमी नाचणाऱ्यांची सोय, असं त्यांना वाटतं. या विभागांत शिकवण्याच्या वाटेलाही बहुधा ऑडिशन असते, आणि ‘मला खरं तर परफॉर्मन्सच हवं होतं’ हा सूर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मी स्वतः शिकवते. आठ वर्षांच्या मुलीचा गुडघा चुकीच्या दिशेला वळतोय हे वेळेत दिसणं आणि तिला न घाबरवता ते सुधारणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती उत्तम नाचणाऱ्याला आपोआप येत नाही.

ठरवण्यासाठी एक साधी कसोटी आहे. लहान मुलांच्या वर्गात दोन तास बसा. बाहेर पडताना आज काय नाचावंसं वाटलं हे मनात येतं, की त्या कोपऱ्यातल्या मुलाला उडी का जमत नव्हती हे? उत्तर खरं द्या.

*इथे थांबून तपासा:* निवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाच्या विभागाच्या पानावर जाऊन चार गोष्टी वहीत लिहा. पदवीचं नेमकं नाव, व्हिडिओत काय मागितलं आहे, मुदत, आणि प्रत्यक्ष ऑडिशन लागते की नाही. एजंटच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, त्यात ‘डान्स’ आणि ‘बॅले’ सर्रास एकच धरलेले असतात. बऱ्याच डान्स विभागांत मुख्य भर आधुनिक नृत्यावर असतो आणि बॅले आठवड्यातून दोन-तीनदा.

टप्पा २: शरीर खरं कुठे आहे ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक मुली कथक किंवा भरतनाट्यम करून बॅलेकडे आलेल्या असतात. ती शिदोरी मोठी आहे, फक्त तिच्याबरोबर काही सवयीही येतात.

भरतनाट्यमच्या मुलींना अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं, पक्की येते, म्हणून बॅलेतलं गुडघे वाकवण्याचं प्लिए सोपं जाईल असं वाटतं. अरैमंडीत बसून राहायचं असतं. प्लिएत थांबायचंच नसतं, खाली जाणं आणि वर येणं ही एकच सलग हालचाल आहे. या मुली प्लिएच्या तळाशी क्षणभर टेकतात आणि तिथेच पुढच्या उडीची ताकद हरवते. कथकच्या मुलींची गोष्ट वेगळी. चक्कर टाचेवर फिरण्याची सवय असते आणि पिरूएतमध्ये, म्हणजे एका पायावरच्या गिरकीत, टाच उचललेली हवी. घाईत त्यांची टाच खाली येते. पण नजर एका जागी रोखून मान शेवटी वळवण्याची सवय त्यांना आधीच असते आणि लयीचं तर विचारूच नका. वॉल्ट्झचा तीनचा घाट दादरा ऐकलेल्या मुलीला समजवावा लागत नाही.

आता टर्नआउट. पाय बाहेरच्या बाजूला वळतात ते खुब्यातून. मुली पावलं जमिनीवर रोवून, जमिनीचा आधार घेऊन ती जबरदस्तीने वळवतात आणि पीळ बसतो गुडघ्याला. घरच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभ्या राहा. गुडघे ताठ, पावलं समांतर. हात न लावता फक्त खुब्यातून दोन्ही पाय बाहेर वळवा. मोज्यांमुळे पावलाला जमिनीचा आधार मिळत नाही, म्हणून जेवढा कोन येतो तोच तुमचा खरा. तो वर्गातल्या कोनापेक्षा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका, व्हिडिओत हाच कोन वापरा. बघणाऱ्याला ओढूनताणून आणलेले १८० अंश लगेच दिसतात, कारण पावलाची कमान आत कोसळलेली असते.

पायाच्या ताकदीसाठी एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, टाच उचलण्याचा व्यायाम करून बघा. न डगमगता सलग २० वेळा पूर्ण उंचीवर जाता आलं पाहिजे. दोन्ही पायांचा आकडा लिहून ठेवा. बहुतेकींचा एक पाय पाच-सहाने मागे असतो. तोच पुढे दुखावतो.

*सावध:* आपल्या फ्लॅटमधली व्हिट्रिफाइड फरशी किंवा जुन्या वाड्यातली शहाबादी, दोन्ही उड्यांसाठी घातक आहेत. खाली काँक्रीट असतं, धक्का सगळा नडगीला बसतो. घरी बार, म्हणजे कठडा धरून करायचे व्यायाम, करा, तोल करा, उड्या अजिबात नको. उड्या फक्त लवचिक लाकडी जमिनीवर किंवा जाड फोमवर प्लायवूड आणि वर व्हिनाइल अंथरलेल्या जमिनीवर. वर्ग निवडताना फीच्या आधी जमिनीची चौकशी करा.

खाण्याबद्दल एकच सांगते, पण गांभीर्याने. सडपातळ दिसण्यासाठी जेवण कमी करणाऱ्या मुलींची पाळी तीन महिने आली नाही, तर ते थेट डॉक्टरांकडे जायचं कारण आहे. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की हाडं ठिसूळ होतात आणि ऐन ऑडिशनच्या महिन्यात पायाच्या हाडाला बारीक चीर पडते. आईने याबाबत संकोच करू नये.

टप्पा ३: पॉइंट शूज शेवटी

पॉइंट शूजचा मोह मी समजू शकते. पण ऑनलाइन मागवलेले शूज घालून, आरशासमोर मोबाइल ठेवून काढलेले फोटो अर्जाला जोडले जातात, तेव्हा मुलीचं नुकसान होतं. फोटोत घोटा आतल्या बाजूला कोसळलेला असतो, शूजचा दांडा, म्हणजे तळव्याखालची कडक पट्टी, पावलाला चिकटलेला नसतो. अनुभवी डोळ्याला एवढं पुरतं.

पॉइंटवर जायच्या आधी तीन गोष्टी हव्यात. वर सांगितलेले २० उचल. दुसरी, घोट्याची चाचणी: पाय लांब करून बसा, पाऊल पूर्ण ताणा आणि नडगीच्या रेषेत घोट्यावर पेन्सिल ठेवा. पेन्सिल नडगीला आणि पावलाला दोन्हीकडे टेकली पाहिजे. घोट्यापाशी अडून एक टोक अधांतरी राहत असेल, तर घोटा अजून तेवढा ताणला जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे निदान दोन-तीन वर्षांचा नियमित बॅले वर्ग.

शूज पाय बघून, उभं करून, बसवून घ्यायचे असतात. नेहमीच्या बुटाचा नंबर टाकून मागवू नका. पाऊल रुंद आहे का, अंगठा लांब की दुसरं बोट, कमान किती, यावर सगळं ठरतं. शिक्षकांना बरोबर घ्या. पहिली जोडी बसवून घेण्यासाठी मुंबईला किंवा आणखी लांब जावं लागलं तरी तो खर्च वाया जात नाही.

व्हिडिओच्या वेळी पॉइंटवर सहा महिनेही झाले नसतील तर काय करायचं? पॉइंटचा भाग सक्तीचा आहे का, हे विभागाला ईमेल करून विचारा. मऊ बुटांतला स्वच्छ वर्ग कच्च्या पॉइंटपेक्षा कधीही बरा. मुलग्यांना पॉइंट लागत नाही, त्यांच्याकडून मोठ्या उड्या आणि हवेतली गिरकी बघितली जाते. त्यांनी जमिनीची अट दुप्पट काटेकोर पाळावी.

टप्पा ४: शिक्षक आणि परीक्षा

आरएडीच्या परीक्षांचे दोन जिने आहेत. एक ग्रेड १ ते ८ चा. दुसरा व्होकेशनल: इंटरमीजिएट फाउंडेशन, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड फाउंडेशन, ॲडव्हान्स्ड १, ॲडव्हान्स्ड २. ग्रेड ८ झाली म्हणजे सगळं झालं असं समजणारे पालक मला नेहमी भेटतात. पदवीच्या तयारीला उपयोगी पडतो तो दुसरा जिना. त्यातल्या दोन्ही फाउंडेशन पायऱ्या ऐच्छिक आहेत, मात्र इंटरमीजिएट उत्तीर्ण झाल्याशिवाय ॲडव्हान्स्डकडे जाता येत नाही.

आरएडीच्या परीक्षेला विद्यार्थी बसवण्यासाठी शिक्षकाची त्यांच्याकडे नोंदणी असावी लागते. वर्गात प्रवेश घेताना हे सरळ विचारा. ‘आम्ही त्याच पद्धतीने शिकवतो’ हे उत्तर पुरेसं नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने शहरातल्या एका वर्गात चार वर्षं काढली आणि तिथून तिला परीक्षेला बसवताच येत नव्हतं, हे अकरावीत कळलं.

अमेरिकी विद्यापीठं ही प्रमाणपत्रं बहुधा सक्तीची मानत नाहीत, ती व्हिडिओ बघतात. तरी परीक्षेच्या तयारीने वर्गाला जी शिस्त लागते, ती व्हिडिओत दिसते.

टप्पा ५: शिकवण्याची वही

शिकवण्याच्या पदवीला जाणाऱ्यांनी हा टप्पा अकरावीतच सुरू करावा. परफॉर्मन्सवाल्यांनी केला तरी फायदा आहे.

आपल्या शिक्षकांना विचारून आठवड्यातून एक दिवस लहान मुलांच्या वर्गात मदतीला उभं राहा. शिकवायचं नाही. मुलांना रांगेत उभं करणं, बुटांच्या गाठी, पाणी, आणि उरलेला वेळ डोळे उघडे ठेवून बघणं. त्याच रात्री वहीत दहा ओळी लिहा. कशा, ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतून तिच्या परवानगीने देते:

‘सात वर्षांच्या आठ मुली. गॅलप उजवीकडे जमतं, डावीकडे गेल्यावर दोघी उलट्या पायाने निघतात. बाईंनी डाव्या मनगटाला रंगीत रबरबँड घातला आणि “रबरबँड पुढे” एवढंच म्हणाल्या. एक लगेच सुधारली. दुसरी नाही, कारण ती शेजारणीकडे बघून नाचते. तिला पुढच्या रांगेत आणल्यावर जमलं.’

अशी वीस पानं झाली की अर्जातला निबंध जवळजवळ लिहून झालेला असतो. निबंधाची ठरलेली सुरुवात ‘मी तीन वर्षांची असल्यापासून नाचते’ अशी असते. ती टाळा, असे शेकडो निबंध त्यांच्याकडे येतात. रबरबँडवाली मुलगी मात्र दुसऱ्या कुणाच्या निबंधात नसते.

*सावध:* मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढू नका, अर्जाला तर जोडूच नका. मुलांच्या सुरक्षिततेबाबत ही विद्यापीठं फार कडक आहेत आणि ते योग्यच आहे. वहीतही मुलांची नावं नकोत, वय पुरे.

टप्पा ६: व्हिडिओ

सगळ्यात जास्त अर्ज इथे फसतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

*कधी:* बारावीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. गणपती जवळ आले की संध्याकाळी नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि पियानोचा आवाज त्यात बुडून जातो. एका मुलीच्या सगळ्या अदाज्योमागे, म्हणजे संथ हालचालींच्या भागामागे, ढोल ऐकू येत होता, सगळं पुन्हा करावं लागलं. रविवारी सकाळी आठला सुरू करा. पावसाळ्यात जमीन दमट असते, आधी कोरडी पुसून घ्या. व्हिनाइलवर राळ टाकू नका, ती चिकट होऊन पाय अडकतो.

*कुठे:* मोकळी भिंत, मागे आरसा नको, खिडकी नको. आरशात कॅमेरा धरणारे बाबा दिसतात आणि खिडकीसमोर उभं राहिलं की मुलगी काळी सावली दिसते. सोसायटीचं क्लबहाऊस चालतं, पण तिथे फरशी असेल तर फक्त बार तिथे करा. सेंटरचा, म्हणजे कठडा सोडून मोकळ्या जागेत करायचा भाग आणि उड्या वर्गाच्या जमिनीवर.

*कपडे:* अंगाला घट्ट बसणारा साधा एकरंगी लिओटार्ड, गुलाबी टाइट्स, नीट बसवलेला अंबाडा. स्कर्ट नको, लेगवॉर्मर नको, दागिने नको. गुडघे आणि खुबे दिसले पाहिजेत. मुलग्यांना पांढरा घट्ट टी-शर्ट आणि काळ्या टाइट्स.

*कॅमेरा:* मोबाइल आडवा, तिपाईवर, कमरेच्या उंचीला, एका जागी स्थिर. डोक्यापासून पावलापर्यंत आणि वर उचललेल्या हातापर्यंत सगळं चौकटीत मावलं पाहिजे. झूम नको. व्यायामाच्या मधे कापाकापी नको. दोन व्यायामांमध्ये कापलं तर चालतं.

*काय करायचं:* विद्यापीठाने यादी दिली असेल तर तीच, एक ओळही बदलू नका. यादी नसेल तर नेहमीचा क्रम. बारला प्लिए, तॉंद्यू, देगाजे, रों द जांब, फोंद्यू, फ्रापे, देव्हलोपे, ग्रां बात्मां. मग सेंटरला तॉंद्यू आणि पिरूएत, अदाज्यो, लहान उड्या, मोठ्या उड्या. शेवटी व्हेरिएशन, तेही मागितलं असेल तरच.

बारचे व्यायाम छोटे ठेवा. शिक्षकांना सोपी, स्वच्छ रचना बांधून द्यायला सांगा. अवघड रचनेत मुलगी पुढची स्टेप आठवत राहते आणि ते चेहऱ्यावर दिसतं. दोन गिरक्या डगमगत घेण्यापेक्षा एक पूर्ण, आणि शेवटी चौथ्या पोझिशनमध्ये, एक पाय पुढे आणि एक मागे, शांत उतरणं. उडीवरून खाली येताना टाच जमिनीला टेकते का, हे स्वतःच्या व्हिडिओत थांबवून थांबवून बघा. टेकत नसेल तर आधी ते सुधारा, व्हिडिओ एक महिना पुढे ढकला. तेवढी सवड असावी म्हणूनच मी जुलै म्हणते.

एका दिवसात सगळं चित्रण करायचा हट्ट नको. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर पाय थकतात आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न आधीच्यापेक्षा वाईट होतो. पहिल्या रविवारी बार, दुसऱ्या रविवारी सेंटर. दोन्ही दिवशी कपडे तेच ठेवा.

*पाठवणं:* यूट्यूबवर टाकायला सांगितलं असेल तर ‘अनलिस्टेड’ निवडा. ‘प्रायव्हेट’ ठेवलेली लिंक परीक्षकांना उघडत नाही, आणि ते तुम्हाला कळवत बसत नाहीत. गाजलेलं ध्वनिमुद्रण वापरलं तर कॉपीराइटमुळे आवाज बंद होऊ शकतो, म्हणून बॅले वर्गासाठीच तयार केलेलं पियानोचं संगीत घ्या. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर, स्वतःचं खातं नसताना, ती उघडून पूर्ण बघा.

*इथे थांबून तपासा:* व्हिडिओ आवाज बंद करून बघा. मग चेहरा हाताने झाकून फक्त पाय बघा. मग पाय झाकून फक्त हात आणि मान. प्रत्येक वेळी एक तरी नवीन चूक सापडते. त्यातल्या तीन निवडा, दोन आठवडे त्यांच्यावर काम करा आणि तेवढाच भाग पुन्हा काढा.

टप्पा ७: कागद

अमेरिकी विद्यापीठं नववीपासून बारावीपर्यंत चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे दहावी-बारावीचं बोर्डाचं गुणपत्रक सगळे जपून ठेवतात, नववीचं प्रगतिपुस्तक मात्र रद्दीत गेलेलं असतं. शाळेतून नववीचे गुण लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. बोर्डाच्या वर्षात शाळेचं कार्यालय गर्दीत असतं, जूनमध्येच अर्ज द्या.

नावाचा घोळ तर घरोघरी. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर रचना वेगळी. अर्जात पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा, अक्षरही इकडचं तिकडे नको. व्हिडिओच्या सुरुवातीला आणि शिफारसपत्रातही तेच.

काही अर्जांत ‘काउन्सेलर’चं पत्र मागतात. आपल्या ज्युनियर कॉलेजांत असं पद बहुतेक नसतं. प्राचार्य किंवा वर्गशिक्षक ते देऊ शकतात. त्यांना नमुना, मुदत आणि ईमेल कसा येईल हे समजावून सांगा. कॉलेजचा अधिकृत ईमेल आयडी असेल तर तोच वापरायला सांगा. बॅलेच्या शिक्षकांचं पत्र वेगळं. कथकच्या गुरूंचंही पत्र द्यायला हरकत नाही, वर्षानुवर्षं एका गुरूकडे टिकून शिकल्याचं ते सांगतं. सगळ्यांना ऑगस्टमध्ये विचारा, गणपतीनंतर आठवण करा.

शिकवण्याच्या पदवीसाठी ब्रिटनमध्ये मुलांबरोबर काम करायला पार्श्वभूमीची तपासणी होते आणि इथलं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं जाऊ शकतं. ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून मिळतं.

टप्पा ८: ऑडिशन आणि बारावी एकत्र

ऑडिशन डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्या प्रिलिम जानेवारीत, प्रॅक्टिकल आणि लेखी त्यामागोमाग. हे टळत नाही, म्हणून सप्टेंबरातच एका मोठ्या कागदावर दोन्हींच्या तारखा एकाखाली एक लिहा. जिथे टक्कर आहे तिथे विभागाला ईमेल करा. बोर्डाची परीक्षा हे कारण त्यांना समजतं, वेळेत सांगितलं तर बरेच विभाग व्हिडिओ किंवा दुसरी तारीख देतात. आदल्या दिवशी सांगितलं तर नाही.

ऑनलाइन थेट ऑडिशन असेल तर वेळेचा फरक नीट मोजा. हिवाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा आपण साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्री साडेआठ. ऑडिशनच्या आठवड्यात त्याच वेळेला वर्ग करा, शरीराला सकाळची सवय असते. इन्व्हर्टरवर वायफाय चालतं का, हेही आधी बघून ठेवा.

ऑडिशनच्या वर्गात दुरुस्ती सांगितली की पुढच्याच वेळी ती करून दाखवा. पूर्ण जमली नाही तरी प्रयत्न दिसला पाहिजे. आपल्या मुली दुरुस्ती ऐकून नम्रपणे मान हलवतात आणि पुन्हा तसंच करतात. मान हलवण्यापेक्षा टाच हलवा, असं मी वर्गात सांगते.

टप्पा ९: पैसे आणि व्हिसा

बरेच विभाग ऑडिशन पाहून वेगळी शिष्यवृत्ती देतात. प्रवेशाचं पत्र आलं आणि रक्कम कमी पडत असेल, तर नम्र ईमेल करून आणखी काही शक्य आहे का हे विचारण्यात गैर काही नाही. अमेरिकी विद्यापीठांना बहुधा १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं.

अमेरिकेसाठी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हा प्रवेशाचा फॉर्म आल्यावर ३५० डॉलर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क भरायचं, मग एफ-वन या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आणि मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत. बॅलेच का, असं विचारतील. इथे उपयोगी पडते टप्पा ५ मधली वही: कुणाच्या वर्गात मदत केली, परत येऊन काय करायचं आहे, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

ब्रिटनसाठी विद्यापीठाचं सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं पत्र लागतं. पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात, एक दिवस जरी कमी झाले तरी अर्ज अडतो, म्हणून त्या काळात त्या खात्यातून काहीही काढू नका. टीबीची चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच करा.

*सावध:* ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, आणि अभ्यासक्रमाचा भाग नसलेलं कलाकार म्हणून कामही चालत नाही. म्हणजे ‘तिथे शनिवारी खासगी वर्ग घेऊन खर्च काढेन’ हे गणित बजेटमध्ये धरू नका. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेर परवानगीशिवाय नाही.

परत येऊन पुण्यात वर्ग काढायचा विचार असेल तर आत्ताच हे लक्षात ठेवा: दुसऱ्या विद्यापीठाची बॅले पदवी मिळाली म्हणून आरएडीच्या परीक्षांना मुलं बसवता येत नाहीत, त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते. पदवीच्या काळातच त्याची चौकशी करून ठेवा.

टप्पा १०: निघण्याआधीचे दहा आठवडे

बारावी संपली, व्हिसा झाला, आणि मुली दोन महिने नाचतच नाहीत. निरोपाची जेवणं, खरेदी, आजोळ. तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात प्लेसमेंट क्लास असतो आणि त्यावरून वर्षभराची पातळी ठरते. जूनपासून आठवड्याला निदान चार वर्ग चालू ठेवा.

पॉइंट शूजच्या तीन जोड्या घ्या: एक वापरून मऊ झालेली, एक अर्धवट मऊ केलेली, एक कोरी. पहिल्या दोन केबिन बॅगेत ठेवा, मोठी बॅग हरवली तरी पहिला वर्ग अडणार नाही. शिवायला जाड दोरा, इलॅस्टिक आणि रिबन त्यांच्याबरोबरच. घोट्याची जुनी दुखापत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून इंग्रजीत एक पानी टिपण घ्या. तिथल्या शिक्षकांना ते पहिल्या वर्गाच्या आधी द्यायचं, नंतर नाही.